प्रेमभंग, फोन आणि माइक: सांगलीत स्टँडअपचा पहिला शो कसा उभा करायचा

मी सांगलीची. एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात नोकरी करते. गेल्या डिसेंबरात विश्रामबागेतल्या एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर मी तासाभराचा स्टँडअप शो केला. विषय एकच: ब्रेकअप झाल्यावर आपला फोन आपल्याशी कसा वागतो. खुर्च्या साठ होत्या, माणसं चौपन्न आली, तिकीट शंभर रुपये. त्याआधीचे आठ महिने मात्र कुणाला काय विचारायचं हेच मला कळत नव्हतं. पुण्या-मुंबईत ओपन माइकला, म्हणजे कुणीही नाव नोंदवून थोडा वेळ स्टेजवर बोलू शकतो अशा कार्यक्रमाला, जाऊन बसलं की निम्म्या गोष्टी आपोआप समजतात. आपल्याकडं माइक कुणाकडून आणायचा इथपासून सुरुवात असते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' याच गावात उभं केलं. तेव्हापासून इथल्या माणसाला तिकीट काढून बसायची, नीट ऐकायची सवय आहे. नाटकाला येणारे काका-काकू तुमच्या शोलाही येतील. फक्त कॉलेजची पोरं येणार असं धरून लिहायला बसू नका.

१. आधी जखम सुकू द्या

ब्रेकअप होऊन महिना झाला नसेल तर लिहा जरूर, पण स्टेजवर जाऊ नका. माझी कसोटी साधी होती. ही गोष्ट मैत्रिणीला चहा पिता पिता सांगताना आवाज कापरा होतो का? होत असेल तर थांबायचं. मला सात महिने लागले. प्रेक्षक फार हळवा असतो. तुम्ही अजून दुखावलेले आहात हे त्याच्या लगेच लक्षात येतं आणि मग त्याला हसायचा संकोच वाटतो.

घरच्यांनाही आधी सांगा. पोस्टरवरून कळू देऊ नका. माझ्या आईनं विचारलं, "लोकांसमोर सांगणारेस व्हय गं हे?" त्या रात्री तिला सगळा शो स्वयंपाकघरात म्हणून दाखवला. दोन ठिकाणी ती हसली, एका ठिकाणी गप्प झाली. जिथं गप्प झाली तो भाग मी काढला. तो विनोद नव्हताच, ती तक्रार होती.

२. माणसावर नको, यंत्रावर बोला

अख्ख्या शोचा पाया हाच आहे, म्हणून इथं जरा थांबते. माझा पहिला मसुदा 'तो कसा वागला' यावर होता. मित्रमंडळींना ऐकवला तर त्यांनी माझी बाजू घेतली, त्याला नावं ठेवली, आणि कुणी हसलं नाही. मग एकदा आयर्विन पुलावरून चालताना सुचलं, की नातं संपल्याचं आम्ही दोघांनी सगळ्यांना सांगितलं, पण फोनला कुणी सांगितलंच नाही. तो बिचारा जुन्याच माहितीवर चाललाय. त्याचा हेतू वाईट नाही, त्याची स्मरणशक्ती चांगली आहे, एवढंच. सगळा विनोद तिथं आहे.

आता वही घ्या आणि तुमच्या फोनला अजून काय काय आठवतं याची यादी करा. माझी यादी अशी झाली:

- पैसे पाठवायच्या ॲपमध्ये सगळ्यात वर त्याचंच नाव.
- 'शो' टाइप केलं की कीबोर्ड 'शोन्या' सुचवतो, मग मेल साहेबांना का असेना.
- त्याच्या गल्लीतून रिक्षा गेली की वायफाय आपोआप जोडलं जातं.
- फोनच्या कुलपाला त्याच्या अंगठ्याचा ठसा अजून चालतो.
- जेवण मागवायच्या ॲपमध्ये त्याचा पत्ता 'घर २' म्हणून.
- सकाळी सात वाजता 'तीन वर्षांपूर्वी आजच्या दिवशी' म्हणून फोटो.
- तो ब्लॉक, पण त्याच्या आईच्या रोजच्या सुप्रभातच्या फुलांना ब्लॉक करायला हात धजत नाही.

तुमची यादी वेगळी असेल. ती तुमचीच हवी. इंटरनेटवर हजारदा आलेले 'लास्ट सीन'चे विनोद घेऊ नका, लोकांनी ते ऐकलेले असतात.

आता काका-काकूंचा प्रश्न. व्हॉट्सॲपच्या निळ्या टिका २०१४ च्या नोव्हेंबरात आल्या. आज वीस वर्षांच्या पोराला टिकांशिवायचं प्रेम माहीत नाही, आणि साठीच्या माणसाला टिकांचं दुःख माहीत नाही. दोघांना जोडणारा शब्द शोधावा लागतो. मी निळ्या टिकेला 'पोचपावती' म्हटलं: "पत्र पोचलं, पोस्टमननं सही घेतली, पावती परत आली, फक्त उत्तर आलं नाही." या एका वाक्यावर पुढच्या रांगेतले एक आजोबा मोठ्यानं हसले, आणि तिथून पुढं सगळी वयस्कर मंडळी माझ्याबरोबर होती. प्रत्येक नव्या यंत्राला असा जुना भाऊबंद शोधा: ट्रंक कॉल, आंतर्देशीय पत्र, शेजाऱ्यांकडचा फोन.

३. एक विनोद घासायचा कसा

शिकवून सांगण्यापेक्षा माझाच एक दाखवते. पहिल्या मसुद्यात तो असा होता:

"तर झालं असं, की ब्रेकअपनंतर पंधरा दिवसांनी मी गणपती पेठेत गेले होते, तिथं भडंग घेतलं, पैसे देताना ॲप उघडलं, तर पहिलंच नाव त्याचं, आणि शेवटचा व्यवहार तीनशे बारा रुपयांचा पिझ्झ्याचा होता, ते बघून मला फार वाईट वाटलं."

कुणीही हसलं नाही. चुका दोन. हसायची जागा वाक्याच्या पोटात दडलीय, आणि 'वाईट वाटलं' हे मीच सांगून टाकलंय. ते प्रेक्षकाला वाटायला हवं. अकरा वेळा लिहून झाल्यावर ते असं झालं:

"आमचं नातं का संपलं, ते मला अजून माहीत नाही. कितीवर संपलं, ते माहीत आहे. तीनशे बारा रुपये. शेरा: पिझ्झा, माझा अर्धा. आणि खाली हिरव्या अक्षरांत... व्यवहार यशस्वी."

भडंग गेलं, पेठ गेली. मला त्या दोन्ही आवडत होत्या, तरी गेल्या. पंच, म्हणजे हशा आणणारी जागा, अगदी शेवटच्या शब्दावर आली. 'शेरा' हा शब्द बँकेत आम्ही रोज वापरतो, तोही कामाला आला. पुढं शोच्या अखेरीला, सगळं आटपताना, मी नुसतं 'व्यवहार यशस्वी' म्हटलं आणि टाळ्या आल्या. याला कॉलबॅक म्हणतात: आधी पेरलेलं शेवटी उगवतं. तासाच्या शोमध्ये दोन पुरेत, चार झाले की लोक आधीच ओळखतात.

भाषा तुम्ही घरी बोलता तीच ठेवा. स्टेजवर गेल्यावर पुण्याची शुद्ध भाषा किंवा मुंबईची हिंदी-मराठी आणू नका. आपल्या 'की', 'व्हय', 'लई' मध्ये स्वतःचा ताल आहे, तो पंचला मदत करतो. आणि शिव्या. माझं मत स्पष्ट आहे, या विषयाला शिवीची गरज नाही. शिवीवर येणारं हसू शिवीला असतं, गोष्टीला नसतं.

४. त्याचं नाव, फोटो, चॅट आणि आवाज बाहेर ठेवा

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा सापळा इथं आहे, कारण तंत्रज्ञानावरचा शो म्हटलं की स्क्रीनशॉट दाखवायचा मोह होतोच.

खरे चॅट पडद्यावर दाखवू नका. व्हॉइस नोट वाजवू नका. फोटो तर नाहीच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीचा गुन्हा आहे, आणि कुणाच्या शरीराच्या खाजगी भागांची छायाचित्रं संमतीशिवाय काढण्या-पसरवण्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या माणसानं विश्वासानं लिहिलं त्याचं लिहिलेलं साठ जणांपुढं वाचणं मला बरोबर वाटत नाही.

सांगली-मिरज-कुपवाड म्हणजे सगळे एकमेकांचे कुणीतरी असतात. तालमीत मी त्याची फक्त नोकरी सांगितली होती. नंतर एक ओळखीची बाई म्हणाली, "अगं, मग तो अमक्यांचा धाकटा ना?" मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी नोकरी बदलली, गाव बदललं, पिझ्झ्याची रक्कमही बदलली. वर लिहिलेले तीनशे बारा खरे नाहीत. गोष्टीतलं दुःख खरं असलं की पुरतं, पत्ता खरा असायची गरज नसते.

५. तालीम

पाच मिनिटांना माझ्या बोलण्याच्या वेगानं साधारण पाचशे शब्द लागतात. म्हणजे तासाला सहा हजार लिहावे लागतील असं वाटतं, पण हशात वेळ जातो. तरीही पहिलाच शो तासाचा करू नका. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग वीस. कोल्हापूर जवळ आहे, पुण्याला एखादा शनिवार-रविवार काढता येतो. ओपन माइक सापडला की नाव नोंदवा. पाच मिनिटांच्या सेटमध्ये, म्हणजे एकदा स्टेजवर जाऊन सलग म्हणायच्या विनोदांत, एक मिनिट उरल्याची खूण म्हणून मागून लाईट दाखवतात. ती दिसली की नवीन विषय काढायचा नाही, शेवट करायचा.

गावात आम्ही चौघंजण दर बुधवारी एकाच्या गच्चीवर जमायचो. शिवाय मी पहाटे आमराईत चालताना कानात इअरफोन घालून अख्खा सेट म्हणायचे, लोकांना वाटतं फोनवर बोलतेय. आरशासमोरची तालीम मला उपयोगी पडली नाही. चालत म्हटलेलं मात्र तोंडात बसतं. प्रत्येक वेळी रेकॉर्ड करा. स्वतःचा आवाज ऐकणं नकोसं होतं, पण कुठं वाक्य लांबतंय ते दुसऱ्या कुठल्याही मार्गानं कळत नाही.

६. जागा, तारीख, परवानगी

पहिल्या शोला मोठं नाट्यगृह घेऊ नका. भावे नाट्यमंदिरात उभं राहायचं स्वप्न इथल्या प्रत्येकाचं असतं, माझंही आहे. पण मोठ्या गृहात पन्नास माणसं विखरून बसली की हशा विरून जातो. कमी छताची, साठ-सत्तर खुर्च्यांची खोली बघा. खुर्च्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ मांडा. आपली माणसं मागं बसतात, म्हणून मागच्या दोन रांगा आधी घडी घालून ठेवा आणि पुढच्या भरल्या की उघडा.

कॅफे असेल तर मालकाशी तीन गोष्टी कागदावर ठरवा: भाडं की खाण्यापिण्याच्या विक्रीत भागीदारी, दिवे आणि पंखे कुणाच्या हातात, आणि शो चालू असताना मिक्सर बंद. पहिल्या तालमीला माझ्या प्रत्येक पंचच्या वेळी खाली कोल्ड कॉफी फिरत होती.

तारीख नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जुलै-ऑगस्टात नकोच. कृष्णेचं पाणी चढायला लागलं की सगळ्या गावाचं लक्ष आयर्विन पुलाच्या पातळीकडं असतं. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. तेव्हा तिकिटं परत करावी लागतात आणि केलीच पाहिजेत. मार्च परीक्षांचा. वार शनिवार, वेळ संध्याकाळी सात. पुण्यात नोकरीला असलेली पोरं शुक्रवारी रात्री घरी येतात आणि रविवारी दुपारनंतर बॅग भरायला लागतात, त्यामुळं रविवार संध्याकाळ वाया जाते.

परवानगीसाठी जागामालकाचं लेखी पत्र, आणि कार्यक्रमाची तारीख, वेळ, माणसांची संख्या लिहिलेला अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यात. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. ध्वनिक्षेपकाला रात्री दहानंतर बंदी आहे. बंद सभागृहांना त्यात सूट असली, तरी काचेच्या खिडक्यांचा कॅफे म्हणजे बंद सभागृह नव्हे, दहाच्या बऱ्याच आधी संपवा. पुढं नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग करायचा झाला तर तारीख घेतानाच व्यवस्थापकांना रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राबद्दल विचारा. संहिता मंडळाकडं आधी पाठवावी लागते, आयत्या वेळी धावपळ होते.

प्रेमभंगाचं गाणं मध्येच वाजवायचा मोह होईल. रेकॉर्ड केलेलं गाणं सार्वजनिक कार्यक्रमात वाजवायला हक्क घ्यावे लागतात, ध्वनिमुद्रणाचे वेगळे आणि शब्द-चालीचे वेगळे. मी गाणंच काढून टाकलं, शांतता जास्त चांगली चालली.

७. साऊंड

आपल्याकडचे साऊंडवाले लग्न, ऑर्केस्ट्रा आणि गणपतीत तयार झालेले असतात. कामाला पक्के, पण सवयीनं आवाजाच्या मिक्सरवर इको, म्हणजे घुमणारा आवाज, चढवतात. स्टँडअपमध्ये इको म्हणजे शब्दावर शब्द. पहिलं वाक्य हेच सांगा: "दादा, इको पूर्ण बंद, भाषणासारखा आवाज पाहिजे." वायरचाच माइक मागा. कॉर्डलेसची बॅटरी नेमकी पंचला जाते. स्पीकर तुमच्या पुढं ठेवा, मागं ठेवले की शिट्टी वाजते. गोल बुडाचा स्टँड घ्या, आणि बोलायला सुरुवात केली की माइक काढून स्टँड बाजूला ठेवा, नाहीतर तासभर तो तुमच्या आणि लोकांच्या मध्ये उभा राहतो.

लाईट गेली तर? इन्व्हर्टरवर माइक आणि एक दिवा चालतो का, हे आदल्या दिवशी मेन स्विच पाडून बघा. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

८. पडदा लावणार असाल तर

स्वतःचा फोन थेट पडद्यावर जोडू नका. एका ओळखीच्या मुलाच्या शोमध्ये मध्येच त्याच्या वडिलांचा दवाखान्याबद्दलचा निरोप सगळ्यांसमोर उघडला. तो मुलगा पुढं बोलू शकला नाही. सगळी चित्रं पीडीएफमध्ये घ्या, लॅपटॉपवर ठेवा, दुसरी प्रत पेनड्राइव्हवर. चॅट दाखवायचंच असेल तर दोन्ही बाजूंचं नवं, बनवलेलं चॅट करा आणि ते बनवलेलं आहे हे बोलण्यात येऊ द्या. कॅफेच्या वायफायवर काहीही अवलंबून ठेवू नका. मुळात दहापेक्षा जास्त चित्रं नकोत. लोक पडद्याकडं बघायला लागले की तुमच्याकडं बघत नाहीत.

९. तिकीट

फुकट ठेवू नका. फुकट पास घेतलेला माणूस पाऊस पडला तरी येत नाही आणि नाही पडला तरी येत नाही. शंभर-दीडशे रुपये बरे. एक फॉर्म, एक क्यूआर कोड, आणि आलेल्या प्रत्येकाला नावानिशी निरोप. पोस्टरवर वयोमर्यादा आणि 'मराठीतून' हे दोन्ही ठळक लिहा. कॉलेजच्या गेटवर आणि वाचनालयात, दोन्हीकडं लावा.

१०. त्या दिवशीची पिशवी

पोलीस ठाण्याची पोच आणि मालकाचं पत्र, तिकिटांची छापील यादी, सुट्टे पैसे. टाइप-सी ते एचडीएमआय जोड, आणि जुन्या प्रोजेक्टरसाठी व्हीजीएचाही. एक्स्टेन्शन बोर्ड, काळी चिकटपट्टी, वायर जमिनीला चिकटवायला. पाण्याची बाटली, कोमट. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सेटचा क्रम, एका विनोदाला एकच शब्द: 'पिझ्झा', 'पोचपावती', 'घर २'. रेकॉर्डिंगसाठी दुसरा फोन, फ्लाइट मोडवर. चार्जर. साऊंडवाल्यांचे पैसे पाकिटात वेगळे.

११. शो संपल्यावर लगेच निघू नका

प्रेमभंगावर बोललात की लोक येऊन स्वतःचं सांगतात. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. एक मुलगी आली, हसत हसत बोलता बोलता रडायला लागली. तिच्याशेजारी बसले, पाणी दिलं. उपदेश केला नाही, मला तो येतही नाही. त्यानंतर मी दारापाशी एक छोटी पाटी ठेवते, तिच्यावर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक असतो. सरकारी आहे, फोनवर मानसिक आधार देतात.

काहीजण सेटिंगचे प्रश्न घेऊन येतात. जुने फोटो समोर यायचे थांबवायचे असतील तर गूगल फोटोजच्या सेटिंगमध्ये मेमरीजमध्ये जाऊन तो चेहरा किंवा त्या तारखा लपवता येतात. हे तुम्हाला स्वतःला दोन मिनिटांत करून दाखवता आलं पाहिजे, म्हणून आधी सराव करा. जुन्या वायफायला 'विसरा' कसं म्हणायचं आणि कुलपातला जुना ठसा कसा पुसायचा, तेही.

त्या रात्री सगळ्यात शेवटी पोचपावतीला हसलेले आजोबा आले. फोन पुढं केला. बायको जाऊन दोन वर्षं झालेली. मी सेटिंग उघडून चेहरा लपवायच्या पानावर गेले तसं ते म्हणाले, "नाही बाळ, बंद नाही करायचं. हे मधनंच कधीतरी येतं. रोज सकाळी येईल असं काही करता येतं का?" आम्ही दोघांनी बसून त्यांचे सगळे फोटो एका अल्बममध्ये घेतले आणि त्या अल्बमचं चिन्ह फोनच्या पहिल्या पानावर ठेवलं. त्यांच्या बोटांना सवय व्हायला तीन वेळा उघडून बघावं लागलं. शो सव्वाआठला संपला होता, आम्ही खाली उतरलो तेव्हा साडेनऊ झाले होते आणि मालक किल्ल्या घेऊन जिन्यात उभे होते. जागेची वेळ ठरवताना शेवटी एक तास जास्तीचा मागून घ्या.